बाहुली गोल आहे का?

आमच्या शाळेत चित्रकला शिकवायला एक सर होते. त्यांना माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची सवयच नव्हती, ते थेट डोळ्यात बघायचे. आपण "नमस्कार सर" म्हणावं, तर तिकडून नमस्कार यायच्या आधी खिशातून टॉर्च यायचा. पेनाएवढा, क्लिपचा, डॉक्टर लोक वापरतात तसला. नवीन माणूस दचकून दोन पावलं मागे सरायचा, सर दोन पावलं पुढे यायचे. "हलू नका. बाहुली गोल आहे का तेवढं बघतो," म्हणायचे. मुलांनी त्यांचं नाव बॅटरी सर ठेवलं होतं. मुलांनी ठेवलेलं नाव सर्व्हिस बुकातल्या नावापेक्षा पक्कं असतं, म्हणून मीही इथे दुसरं देत बसत नाही.

शाळा शेवगाव तालुक्यातली. सर मूळचे श्रीरामपूरचे, ख्रिस्ती. गणपतीची आरास तेच करायचे, शिवजयंतीचा फलक तेच रंगवायचे, नाताळात स्टाफरूमच्या दाराला चांदणी तेच टांगायचे. शिवाय हजेरीपटावर नावं लिहायची, प्रमाणपत्रं भरायची आणि मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिकाही काढून द्यायची. चित्रकलेच्या माणसाला शाळेत काम नसतं, असं सगळ्यांचं ठाम मत होतं.

मी विज्ञान शिकवते. दहावीला भिंगांच्या धड्यात मानवी डोळा येतो. मी नवीनच लागले होते, हौस दांडगी होती, म्हणून पुस्तकातली आकृती झाल्यावर समोरून दिसणारा डोळासुद्धा मी फळ्यावर काढला. सर व्हरांड्यातून चालले होते ते खिडकीशी थांबले, आत आले, माझ्या हातातलं डस्टर घेतलं आणि मधला गोळा पुसून टाकला. "बाई, बाहुली अंडाकृती काढलीत. अशी बाहुली असलेल्या माणसाचं काही खरं नाही," म्हणाले, आणि एका झटक्यात नवा गोल काढून निघून गेले. वर्गात साठ पोरं. मी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नाही.

त्यांचा डावा डोळा गेलेला होता. तो कसा गेला हे ते कुणी न विचारता सांगायचे. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर मयतीला आलेल्या पाहुण्यांना. तरुणपणी डोळा लाल झाला, ठणकायला लागला, उजेड सोसेना. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा डोळ्याच्या आतला दाह आहे, याला युव्हिआयटिस म्हणतात. दोन बाटल्या दिल्या आणि बजावलं की थेंब हळूहळू कमी करायचे आणि दाखवायला येत राहायचं. चार दिवसांत लाली गेली. सरांनी थेंब बंद केले. दोन महिन्यांनी पुन्हा लाल. आता एवढ्याशासाठी नगरला कोण जातंय, म्हणून त्यांनी मेडिकलवाल्याला रिकामी बाटली दाखवली. मेडिकलवाले आमच्याकडे भले लोक, कुणाला नाही म्हणत नाहीत. त्याने तीच बाटली दिली, वर म्हणाला, "सर, दोन थेंब टाका, दोन दिसात उतरतंय."

आणि उतरायचंही. चार वर्षं सर त्या बाटलीवर होते. लाली आली की थेंब, गेली की बंद. त्या स्टेरॉइडच्या थेंबांनी आत डोळ्याचा दाब चढत गेला आणि काचबिंदू झाला. त्यात दुखत नाही, खुपत नाही, काहीच होत नाही. चित्रकार मंडळी एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरतात आणि मापं घेतात ना, तसे सर कायम डावा डोळा मिटायचे. एके दिवशी उजव्यात खडूची भुकटी गेली म्हणून त्यांनी उजवा मिटला, तर समोरचा वर्गच नाहीसा झाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. "चार वर्षं मी आरशात बघून स्वतःला शाबासकी देत होतो, बाई," ते मला म्हणायचे. "डोळा कसा स्वच्छ. जाहिरातीत शोभला असता."

एवढं झाल्यावर शहाणा माणूस गप्प घरी बसला असता. सरांनी जनजागृती सुरू केली. आमच्याकडे जनजागृतीची पद्धत ठरलेली आहे. भर उन्हात पोरांना दोन-दोनच्या रांगेत गावातून फिरवायचं, घोषणा द्यायला लावायच्या, फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा. मग जनता जागृत झाली असं धरून चालतात. सर मात्र आठवडे बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत स्टूल टाकून बसायचे. मागे त्यांनी स्वतः रंगवलेला फलक असायचा. त्यावर दोन मोठे लाल डोळे. पहिल्याखाली लिहिलेलं, 'डोळे आलेत: चिपडं, खाज, बहुधा दोन्ही डोळे.' दुसऱ्याखाली, 'हे वेगळं: काळ्या बुबुळाभोवती लाली, ठणका, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं, चिपडं नाहीत. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.' चित्र इतकं हुबेहूब होतं की शेजारच्या वांगीवालीने तक्रार केली, गिऱ्हाईक बिचकतंय म्हणून.

एकदा गावात भव्य मोफत नेत्रतपासणी शिबिर भरलं. भव्य म्हणजे फ्लेक्स भव्य होता. त्यावर आमच्या भागातले एक पुढारी काळा गॉगल लावून हसत होते. म्हातारी माणसं सकाळपासून मांडवात बसलेली आणि व्यासपीठावर सत्कार चाललेले. सरांच्या फलकाला जनरेटरच्या मागे जागा मिळाली होती. पुष्पगुच्छ द्यायला म्हणून सरांना वर बोलावलं. गुच्छ घेताना साहेबांनी गॉगल काढला, उजवा डोळा लालबुंद. सरांनी डाव्या हाताने गुच्छ दिला आणि उजव्या हाताने टॉर्च पेटवला.

"साहेब, हलू नका."

"सर, साथ हाय गावात. तुमी बाजूला व्हा," साहेब माईकसमोरच म्हणाले.

"साथ नाही वाटत. आजच्या आज दाखवा, नाहीतर माझ्यासारखे व्हाल," सर म्हणाले. तेही माईकमधून मांडवभर गेलं.

साहेबांना झाली होती रांजणवाडी. पापणीच्या आतली साधी पुळी, चार दिवसांत बसली. सरांना मात्र कारणे दाखवा नोटीस मिळाली. तिच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी डोळ्याचं सुरेख चित्र काढलं आणि दहावीच्या वर्गात लावलं. खरं सांगायचं तर सर बहुतेक वेळा चुकायचे. कुणाला धूळ गेलेली असायची, कुणाला रात्रपाळीचं जागरण, कुणाला आदल्या संध्याकाळची जास्त झालेली. त्यामुळे गावाने त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याचा रीतसर ठराव केल्यासारखा होता, आणि त्या ठरावाला माझं अनुमोदन होतं.

मग पुष्कळ वर्षांनी एका पावसाळ्यात खरीच साथ आली. निम्मी शाळा घरी, उरलेली गॉगल लावून वर्गात. स्टाफरूमच्या कपाटात थेंबांची एक बाटली ठेवली होती, ज्याला लागेल त्याने घ्यावी. साथीचे डोळे आणि साथीचीच बाटली, कल्पना माझीच, विज्ञानाच्या बाईंची. माझा डावा डोळा लाल झाला तेव्हा मला नवल वाटलं नाही. शाळा तपासणी चार दिवसांवर होती, माझ्याकडे प्रयोगशाळेच्या नोंदी होत्या आणि त्यातले काही प्रयोग अजून करायचे, पण नोंदवून ठेवायचे होते. डोळ्याला वेळ नव्हता. मी बाटलीतले दोन थेंब टाकले आणि गॉगल लावला.

तिसऱ्या दिवशी आमचे शिपाई मामा पाण्याची बाटली ठेवता ठेवता म्हणाले, "बाई, लई लाल झालाय डोळा. कोथमिरीचा रस घाला. आमी तेच करतो."

कोपऱ्यात सर खडू टोकदार करत बसले होते. ते उठले. मी आधीच म्हटलं, "सर, साथ आहे."

"दोन्ही डोळे?"

"एकच."

"सकाळी चिपडं?"

"नाहीत."

"गॉगल काढा."

मी काढला आणि खिडकीतला उजेड डोळ्यात सुईसारखा गेला. टॉर्च तर सोसलाच नाही. सरांनी तो लगेच विझवला. एरवी असं काही सापडलं की त्यांना चेव यायचा, लांबलचक भाषण व्हायचं. त्या दिवशी त्यांनी टॉर्च खिशात टाकला. टेबलावरचा कागद ओढला आणि आपल्या सुंदर अक्षरात माझ्या नावाने रजेचा अर्ज लिहिला, 'डोळ्याच्या कारणास्तव'. मी म्हटलं, तपासणी आहे. ते म्हणाले, "तपासणीला साहेब दरवर्षी येतात. सही करा."

मी सही केली ती त्यांना खोटं पाडण्यासाठी. नगरला जाऊन, डॉक्टरांकडून साथच आहे असं ऐकून, उलट टपाली त्यांच्या तोंडावर मारायचं असा माझा विचार होता. एसटीत सर शेजारी बसले होते आणि मागच्या सीटवरच्या बाईला आपल्या डाव्या डोळ्याची गोष्ट सांगत होते. मी डोळे मिटून घेतले होते. निम्मा हट्ट, निम्मा ठणका.

डॉक्टरांनी हनुवटी टेकवायच्या यंत्रातून बराच वेळ पाहिलं. मग शांतपणे मला तोच शब्द सांगितला, जो सर बाजारात वांग्यांच्या शेजारी बसून सांगत असत. आत दाह होता, बाहुलीची कडा मागच्या भिंगाला चिकटायला लागली होती. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती तशीच वाकडी राहिली असती आणि पुढे दाब, मोतीबिंदू, काहीही. सकाळी उठल्यावर कंबर आखडते का, असंही त्यांनी विचारलं. मी चकितच झाले. कित्येक वर्षं आखडत होती. ती मी वर्गात उभं राहण्याच्या खात्यावर टाकली होती. या दोन्हींचा संबंध असू शकतो, म्हणाले, आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. मी बाहेर आले. वीस वर्षं मी डोळा शिकवत होते, बाहुलीचं कार्य लिहा, गुण दोन. सर बाकावर बसले होते. "मी म्हटलं नव्हतं का" असं ते म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता आला. ड्रॉइंग पेपरवर ओळीने गोल, पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ, मग सहा, मग चार, असे उतरत उतरत एकावर आलेले. एक थेंब, एक गोल रंगवायचा. पाचव्या दिवशी माझा डोळा अगदी स्वच्छ झाला आणि मला वाटलं, झालं की आता. त्या दिवशीचे गोल मी नुसतेच रंगवले. सरांनी तक्ता बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "बाई, माझाही असाच पाचव्या दिवशी बरा झाला होता," एवढंच म्हणाले. मी घरी जाऊन थेंब टाकले आणि तक्ता शेवटच्या गोलापर्यंत खरा भरला.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एक काम मागितलं. मागताना इतके संकोचले की मला वाटलं उसने पैसे हवेत. "सोमवारी पहिल्या घंटेच्या आधी माझा उजवा डोळा बघत जाल? गावाचे बघतो मी, माझा कुणी बघत नाही. आरशावर माझा विश्वास उरलेला नाही." मग दर सोमवारी स्टाफरूममध्ये मी टॉर्च धरायची, सर विचारायचे, "गोल आहे का?" आणि मी म्हणायची, "गोल आहे सर." बाकीचे गालातल्या गालात हसायचे. खरं सांगते, काही सोमवारी मी नीट न बघताच गोल म्हटलं होतं. तास असायचा, घाई असायची.

सर निवृत्त झाले, श्रीरामपूरला गेले. जाताना मला तसलाच एक टॉर्च देऊन गेले. मिसेस पूर्वीच वारलेल्या, मुलगा पुण्याला, घरात एकटेच. सोमवारी सव्वादहाला व्हॉट्सअॅपवर त्यांच्या डोळ्याचा फोटो यायचा, खाली एक अक्षर नाही. मी उत्तर पाठवायची, "गोल." आमच्या ह्यांनी एकदा माझा फोन उघडला आणि विचारलं, "हा कुणाचा डोळा आहे? आणि इतके का आहेत?" मी सांगितलं, सरांचा. त्यावर काय बोलावं हे त्यांना अजून सुचलेलं नाही.

गेल्या वर्षी एका सोमवारी फोटो आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी मी फोन केला.

"काही नाही हो बाई," सर म्हणाले. "जरा डोळे आलेत. इकडे साथ आहे."

मला वाटलं, दुसरंच कुणी फोनवर आहे.

"दोन्ही?"

"एकच."

"चिपडं?"

"नाहीत."

"उजेड?"

"पडदे लावलेत."

"मेडिकलमधून काही आणलंत?"

मग म्हणाले, "घरात जुनी बाटली होती."

मला संताप आला. आयुष्यभर गावाला शिकवलं ते हेच का. पण त्यांच्या आवाजात जे होतं ते मला ओळखू आलं, ती नुसती भीती होती. दोन डोळ्यांचा माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा एक शिल्लक ठेवून जातो. सरांकडे हा एवढाच होता. डॉक्टर 'आता उशीर झाला' म्हणाले तर पुढे काय, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं, म्हणून ते अंधारात बसून राहिले होते. मलाही भीती वाटली. मी गुरुवारचा रजेचा अर्ज लिहिला, 'डोळ्याच्या कारणास्तव'. मुख्याध्यापकांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाच्या?" मी सांगितलं. त्यांनी मुकाट्याने सही केली.

सकाळच्या गाडीने नेवाशावरून श्रीरामपूर गाठलं. सर काळा गॉगल लावून अंधाऱ्या खोलीत बसले होते, थेट शिबिराच्या फ्लेक्सवरच्या साहेबांसारखे. मी टॉर्च काढला.

"हलू नका."

या वेळी मी नीट बघितलं. बाहुलीच्या खालच्या कडेला एक कोपरा पडला होता.

"गोल आहे का?" सरांनी विचारलं.

इतक्या सोमवारांची सवय जिभेवर होती. मी म्हटलं, "नाही सर."

सरांनी मान हलवली, उठले आणि दारामागून पिशवी घेतली. तीत जुनी फाइल, टॉवेल, पाण्याची बाटली, सगळं होतं. पिशवी सोमवारपासून भरून ठेवलेली होती.

नगरला डॉक्टर त्यांच्यावर चांगलेच चिडले. "सर, तुम्हीसुद्धा?" म्हणाले. सर खाली मान घालून, मार खाणाऱ्या पोरासारखे बसून होते. दर थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यात थेंब टाकले जात होते, मी बाकावर बसून नुसती घड्याळ बघत होते. दुपार कलल्यावर डॉक्टरांनी पुन्हा यंत्रातून पाहिलं आणि कोपरा सुटला म्हणून सांगितलं. दाब थोडा चढला होता, पण औषधाने आटोक्यात येण्यासारखा. नजर राहील, म्हणाले, पण थेंब एकही चुकवायचा नाही आणि आठवड्याला दाखवायला यायचं. सरांनी माझा हात धरला तो बसस्टँडपर्यंत सोडला नाही. बाहुली मोठी केल्यामुळे नीट दिसत नाही, असं कारण त्यांनी सांगितलं.

गाडी यायला वेळ होता. मी वही काढली, पान फाडलं आणि तक्ता आखला, आठ, सहा, चार. माझे गोल कसे येतात ते मला माहीत आहे, पण तिथे दुसरं कोण होतं काढायला.

मधे एक सोमवार नुसता गेला. मी फोन करायचं धाडस केलं नाही. पुढच्या सोमवारी सव्वादहाला फोन वाजला. फोटो डोळ्याचा नव्हता, तक्त्याचा होता. झाले तेवढ्या दिवसांचे सगळे गोल रंगवलेले, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा प्रत्येक गोल तांबड्या पेन्सिलीने दुरुस्त केलेला, कडेकडेने, बारीक रेषेत. खाली लिहिलं होतं, "बाई, सगळे अंडाकृती. इतक्या वर्षांत काय शिकलात?"

मी तो फोटो मोठा करून एकेक रेष बघत बसले. एवढी बारीक रेष त्यांना दिसली होती. मामा पाण्याची बाटली ठेवायला आले आणि माझ्याकडे बघून थबकले.

"बाई, डोळं आलं का काय? लई लाल झाल्यात."

"नाही मामा," मी म्हटलं. पर्समधला टॉर्च काढून त्यांच्या हातात दिला. "बघा बरं, बाहुली गोल आहे का."

मामांनी सरांना एवढ्या वर्षांत स्वतःच्या डोळ्याजवळ टॉर्च आणू दिला नव्हता. त्यांनी तो दोन-तीनदा उलटसुलट करून बघितला, मग पेटवला आणि माझ्या डोळ्यात अगदी नीट, शांतपणे, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघितलं.

"गोल हाय बाई," ते म्हणाले. "आता माझा बघा."